पावाच्या गाडीतले इंजिन

इंडियाना राज्यातल्या कोलंबस या गावी एखादा मराठी माणूस नव्याने भेटला, तर तो कोणत्या कंपनीत आहे हे विचारण्याची पद्धत नाही. कोणत्या विभागात आहे, एवढेच विचारतात. कमिन्स ही डिझेल इंजिनांची कंपनी 1919 मध्ये इथे सुरू झाली, 1962 मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीने पुण्यात तिची शाखा निघाली, आणि कोथरूड व कोलंबस यांच्यामध्ये माणसांची जी ये-जा सुरू झाली ती आजतागायत थांबलेली नाही. मीही त्याच वाटेने आलो. सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरकडे जाणाऱ्या पोलादी नळीत इंधनाच्या दाबाची लाट कशी धावते, कुठे आपटते आणि कशी परत फिरते, हे मोजण्यात माझा नोकरीतला बहुतेक काळ गेला. काम आवडीचे आहे. पण त्यात अख्खी गाडी कधी वाट्याला येत नाही. टेस्ट सेलमधले, म्हणजे चाचणीच्या खोलीतले, इंजिन भक्कम पायावर बोल्टांनी जखडलेले असते, त्याला हव्या त्या तापमानाचे पाणी आणि हवी तेवढी हवा मिळते, आणि त्याची सगळी ताकद ती मोजणारा डायनॅमोमीटर निमूटपणे गिळून टाकतो. त्याच्याखाली रस्ता नसतो, आणि शेजारच्या सीटवर बसून ‘केवढा हा आवाज’ असे म्हणणारी बायकोही नसते.

फोर्डची 1966 सालची एफ-100 ही पिकअप आणि पाव पोहोचवणाऱ्या व्हॅनमधून निघालेले कमिन्सचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, ही दोन घरच्या गॅरेजमध्ये एकत्र आणण्याचा उद्योग मी आरंभला, त्यामागे हे एक कारण होते. दुसरे कारण या गावाच्या इतिहासातच आहे. क्लेसी कमिन्स हे मुळात इथले बँकर डब्ल्यू. जी. आयर्विन यांच्या मोटारीचे चालक आणि मेकॅनिक. आयर्विन यांच्याच पैशावर कंपनी उभी राहिली आणि पहिली दहा वर्षे ती बहुतांशी त्यांचे पैसेच खात राहिली. 1929 च्या नाताळात कमिन्स यांनी एका जुन्या पॅकार्ड मोटारीत आपले डिझेल इंजिन बसवले आणि आयर्विन यांना तीतून फिरवून आणले. पुढच्याच महिन्यात ते ती मोटार घेऊन न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला गेले. सुमारे 800 मैलांच्या त्या प्रवासाला इंधनाचा खर्च आला 1 डॉलर 38 सेंट. हा आकडा इथे सगळ्यांना पाठ आहे. न्यूयॉर्कला पोहोचेपर्यंत आत बसलेल्यांची हाडे किती खिळखिळी झाली, याची नोंद मात्र मला कुठे सापडलेली नाही.

पैसे वाचवण्यासाठी आज अमेरिकेत हे कोणी करू नये, हे आधीच सांगतो. माझ्या लहानपणी पुण्यात पेट्रोलच्या जीप आणि अँबॅसिडर गाड्यांमध्ये मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवून घेणारे पुष्कळ होते, आणि त्यांचा हिशेब सरळ होता: डिझेल स्वस्त, गाडी भाड्याने धावणारी, खर्च वर्ष-दोन वर्षांत भरून निघणार. माझ्या मामाचे गॅरेज याच कामावर चालत असे. इथे डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलहून महाग असते, आणि माझी पिकअप आठवड्यातून एखाद्या वेळी बाहेर पडते. गॅलनला बारा-तेरा मैल देणारी गाडी आता वीस-बावीस मैल देते, हे खरे. पण त्या बचतीतून गिअरबॉक्सची किंमत वसूल व्हायलाही माझे उरलेले आयुष्य पुरणार नाही.

पिकअपमध्ये मूळचे सहा सिलिंडरचे, 240 घन इंचांचे पेट्रोल इंजिन होते. कागदावर मौज अशी की, या 240 घन इंचांचे होतात 3.9 लिटर आणि मी आणलेले डिझेलही 3.9 लिटरचेच. म्हणजे दोघांची श्वासाची मापे एक. फरक सगळा तो श्वास कसा घेतला जातो यात. पेट्रोलचे इंजिन मिनिटाला 4,000 फेऱ्यांवर दीडशे अश्वशक्ती देत असे, तीही त्या काळच्या सढळ पद्धतीने मोजलेली. डिझेलची अश्वशक्ती 105, मिनिटाला 2,500 फेऱ्यांवर, आणि तिथेच वेगाला मर्यादा घालणारा गव्हर्नर त्याचा लगाम खेचतो. पण 1,600-1,700 फेऱ्यांच्या आसपास त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 360 न्यूटन-मीटरच्या घरात असतो, जो जुन्या इंजिनाला कोणत्याच वेगाला जमत नव्हता. वजन साडेतीनशे किलोच्या आसपास, म्हणजे काढलेल्या इंजिनापेक्षा शंभर किलोंहून जास्त, आणि हे सगळे वजन पुढच्या चाकांवर.

कमिन्सने जे. आय. केस या ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीबरोबर 1980 च्या दशकात जी बी मालिका काढली, तिच्यातले हे धाकटे भावंड. थोरले, सहा सिलिंडरचे 5.9 लिटरचे, 1989 पासून डॉजच्या पिकअपमध्ये बसू लागले आणि अमेरिकेत त्याचे चाहते झाले; भारतात तेच जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधून टाटांच्या ट्रकमध्ये गेले. दोघांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 102 मिलिमीटर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 120. पिस्टन, लायनरशिवायचा (सिलिंडरला वेगळे अस्तर नसलेला) ओतीव ब्लॉक आणि पट्ट्याऐवजी गिअरवर चालणारे टायमिंग (झडपा आणि इंधनपंप यांची वेळ जुळवणारी रचना), सगळे एका घराण्यातले. या घराण्याची एक प्रसिद्ध खोडही आहे. पुढच्या गिअर केसची जागा अचूक ठरावी म्हणून ब्लॉकमध्ये एक लहानशी पोलादी डॉवेल पिन ठोकलेली असते. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती हळूहळू बाहेर सरकते आणि एखाद्या दिवशी टायमिंगच्या गिअरांमध्ये पडते. मग पुढचे काही सांगायला नको. उपाय हास्यास्पद वाटावा इतका स्वस्त आहे: शेजारच्या बोल्टखाली पत्र्याचा एक छोटा कान दाबून बसवायचा, म्हणजे पिनेची वाट बंद होते. मात्र तिथवर पोहोचण्यासाठी फॅन, पुली आणि पुढचे झाकण, सगळे उतरवावे लागते. माझ्या इंजिनातली पिन केसाच्या जाडीइतकी पुढे आलेली होती. तिच्या कडेवर तेलाची एक काळी रेघ होती आणि त्या रेघेच्या पलीकडे तिचा चकचकीत, कधीही हवा न लागलेला भाग दिसत होता. इंजिन गाडीत जाण्यापूर्वी जमिनीवर असतानाच हे काम उरकणे शहाणपणाचे.

आता बसवण्याबद्दल. इंजिन बदलणे म्हणजे जुने उचलून नवे ठेवणे, असे बाहेरून वाटते, आणि तेवढ्या भागाला खरोखरच फार वेळ लागत नाही. भाड्याची क्रेन, दोन साखळ्या आणि शेजारचा एक निवृत्त शेतकरी एवढ्यावर ते होते. अडचण पुढे सुरू होते. फोर्डने 1965 पासून या पिकअपला पुढे दोन लांब आडवे बीम दिले. डाव्या चाकाचा बीम उजवीकडे बिजागरलेला आणि उजव्याचा डावीकडे, त्यामुळे दोन्ही बीम इंजिनाच्या पोटाखालून एकमेकांना ओलांडून जातात. पेट्रोल इंजिनाचे ऑइल पॅन, म्हणजे तळाचे तेलाचे भांडे, या बीमचा विचार करूनच घडवलेले होते. डिझेल उंच, त्याचे पॅन खोल. ते खाली बसवावे तर खड्ड्यात बीम वर उसळून पॅनला लागणार. वर उचलावे तर बॉनेट बंद होणार नाही. मागे ढकलावे तर केबिनची लोखंडी भिंत, पुढे आणावे तर रेडिएटर. शेवटी पॅनचा खोल भाग मागे येईल असे दुसरे पॅन मिळवावे लागले आणि पुढे एफ-250 च्या जाड स्प्रिंग घालाव्या लागल्या, तेव्हा कुठे खाली-वर दोन्हीकडे बोटभर मोकळी जागा राहिली.

इंजिनाला धरून ठेवणारे आधार, म्हणजे फाउंडेशन, चेसिसला वेल्ड करण्याच्या वेळी मी पुण्याला मामाला फोन लावला. त्याने कॅमेऱ्यातून सगळे पाहून घेतले आणि म्हणाला, “अरे, आत्ताच पूर्ण वेल्डिंग मारू नकोस. नुसते टाके मार. गिअरबॉक्स लाव, जॉइंट लाव, मग मागून वाकून बघ, शाफ्ट सरळ रेषेत येतोय का.” मामा मॅट्रिकच्या पुढे शिकलेला नाही, पण तो सांगत होता ते हुक्स जॉइंटचे भूमितीशास्त्र होते. गती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांना असलेले क्रॉस (हेच ते जॉइंट) तिरक्या कोनात फिरले की शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो, आणि पुढच्या क्रॉसने केलेला हा घोटाळा मागच्या क्रॉसने निस्तरावा यासाठी दोन्हीकडचे कोन सारखे असावे लागतात. इंजिन उंचावले की पुढचा कोन बदलतो, आणि मग मागे डिफरन्शियलखाली, म्हणजे मागच्या चाकांना गती वाटून देणाऱ्या दातांच्या पेटीखाली, पाचर घालून पिनियनचे (शाफ्ट जिथे जोडला जातो त्या दात्याचे) तोंड तेवढेच फिरवावे लागते. कॉलेजात हे समीकरण मी फळ्यावर सोडवले होते. गॅरेजच्या फरशीवर उताणे पडून, कपाळावर गंजाचे कण झेलत, कोनमापी शाफ्टला चिकटवून ते सोडवण्यात वेगळीच गंमत आहे.

गाडीतली प्रत्येक संख्या हे कधी काळी कोणीतरी जुन्या इंजिनाला दिलेले उत्तर असते, हे मला त्या फरशीवर कळू लागले. स्प्रिंगची ताकद, ब्रेकचा घेर, टाकीची जागा, मागच्या दातांचे गुणोत्तर, यांपैकी काहीच योगायोगाने आलेले नसते. आणि इंजिन बदलले की ही उत्तरे जागच्या जागी राहतात, प्रश्न मात्र बदलतात.

सर्वांत ठळक उदाहरण गिअरांचे. माझ्या गाडीचे मागचे गुणोत्तर 3.70, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या 3.70 फेऱ्या. टायरचा व्यास सुमारे 29 इंच, म्हणजे एका मैलाला चाकाच्या साधारण 700 फेऱ्या. ताशी 60 मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. 700 ला 3.70 ने गुणले की टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या 2,600 फेऱ्या लागतात. पेट्रोल इंजिनाला हे काहीच नव्हते. डिझेलचा गव्हर्नर 2,500 ला हात वर करतो. म्हणजे शंभर अश्वशक्तीचे इंजिन बसवूनही महामार्गावर गाडी साठ मैल गाठणारच नाही, आणि मागचा मालट्रक भोंगा वाजवत राहील. पावाच्या व्हॅनला याची चिंता नव्हती. तिला या गल्लीतून त्या गल्लीत जायचे असे. यावर उतारा म्हणजे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे शाफ्टला इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरवणारा गिअर, असलेला पाच गिअरचा बॉक्स. जनरल मोटर्सच्या पिकअपमधला एनव्ही 4500 मला मिळाला, नव्वद किलोंच्या आसपास वजनाचा, बिडाचा ठोकळा. व्हॅन जनरल मोटर्सच्याच घराण्यातली असल्यामुळे इंजिनामागची, गिअरबॉक्सशी सांधा जुळवणारी अॅडॉप्टर प्लेट त्याच्या बेल हाउसिंगला, म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणाला, तशीच जुळली. त्याच्या पाचव्या गिअरचे गुणोत्तर 0.73. आता साठ मैलांना इंजिन 1,900 च्या जरा खाली फिरते, म्हणजे टॉर्कच्या शिखरापासून फार दूर नाही, आणि चढावर गिअर उतरवावा लागत नाही. या एका आकड्याने गाडीचा स्वभाव जितका बदलला, तितका इंजिनाने बदलला असे मला वाटत नाही.

थरथरीचे गणित इतके सरळ सुटले नाही. ओळीतले सहा सिलिंडर परस्परांची ओढाताण जवळजवळ पूर्ण मिटवतात. चार सिलिंडरमध्ये फेऱ्यांच्या दुप्पट वारंवारतेचा एक उभा धक्का शिल्लक राहतो, आणि तो मिटवणारे बॅलन्स शाफ्ट या इंजिनाला नाहीत. पण गाडी उभी असताना जे हादरे बसतात त्यांचा दोष बहुतेक लोक चुकून या धक्क्यावर ढकलतात. तो वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून मंद गतीला तो लहान असतो. तिथे खरा उपद्रव असतो कॉम्प्रेशनचा. 800 फेऱ्यांवर सेकंदाला जवळपास सत्तावीस वेळा एकेक पिस्टन हवा सोळा-सतरा पट दाबतो आणि दर वेळी क्रँक किंचित अडखळून पुन्हा झेपावतो, नि त्या प्रत्येक झेपेची प्रतिक्रिया ब्लॉक कुशीवर वळून देतो. म्हणून फाउंडेशनचे रबर उभ्या दिशेने नव्हे, तर या कुशीच्या हालचालीला मऊ असावे लागते, आणि तेवढे मऊ केले की गिअर टाकताना अख्खे इंजिन डुलते. मधला मार्ग मी काढला आहे. तरीही सिग्नलला उभे असताना आरशातली मागची मोटार दोन-दोन दिसते, आणि काही मैलांनंतर जुन्या पत्र्यातला नवाच एखादा स्क्रू स्वतःची ओळख करून देतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. या गाडीची पेट्रोल टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे असते. त्या काळी ते कोणाला खटकत नव्हते. डिझेल चाळीस-पन्नास अंशांखाली सहसा पेटत नाही, म्हणून सुरक्षिततेच्या बाबतीत हा बदल फायद्याचाच होता. पण डिझेलला परतीची नळी लागते, पंपाने न वापरलेले गरम इंधन टाकीत परत येते, आणि पाठीशी कोमट डिझेलची टाकी घेऊन बसले की वास शर्टातच नव्हे, डब्यातल्या पोळीतही उतरतो. टाकी हौद्याखाली हलवली. 1966 च्या गाडीला चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकचा एकच सर्किट होता, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. जड इंजिन घालून ते तसेच ठेवणे मला पटले नाही. पुढे डिस्क बसवल्या. पण डिझेलला थ्रॉटलची झडप नसते, म्हणून पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनाकडून मिळत नाही, आणि तो पॉवर स्टीअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालणारा घ्यावा लागला. रेडिएटर मात्र सगळे सांगत होते तसा मोठा घेतला नाही, आणि त्याची उणीव भासली नाही. हलक्या भारावर डिझेल पाण्यात पेट्रोलपेक्षा कमी उष्णता सोडते. जानेवारीत इथे पारा शून्याखाली पंधरा जातो तेव्हा तापण्याची नव्हे, न तापण्याचीच काळजी असते. रात्रभर इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर लावल्याशिवाय सकाळी सेल्फ मारण्यात अर्थ नसतो.

पहिल्यांदा सुरू करताना नळ्यांमधली हवा काढावी लागते. पहिल्या इंजेक्टरचा नट अर्धा फेरा ढिला केला आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितले. आधी नुसता फेस, मग फेसात थेंब, मग बुडबुड्यांशिवाय पिचकारी. नट घट्ट करून पुढचा. तिसऱ्या नटाला इंजिनाने दोन सिलिंडरवरच लंगडत चालायला सुरुवात केली, आणि चौथा घट्ट होईपर्यंत गॅरेज पांढऱ्या धुराने भरले होते. ज्या दाबाच्या लाटा मी आयुष्यभर पडद्यावर पाहिल्या, त्या पोलादी नळीवर बोट ठेवल्यावर टिकटिक करत लागतात, हे मला तोवर माहीत नव्हते.

धुराबद्दल बोलायला हवे. 1968 च्या आधीच्या पिकअपला अमेरिकेचे केंद्रीय धूरनियम नव्हते, आणि इंडियानात धूरतपासणी फक्त लेक आणि पोर्टर या दोन जिल्ह्यांत होते. गाडी चेसिसवरच्या क्रमांकाने ओळखली जाते, त्यामुळे आपल्याकडे आरसी बुकात इंजिन नंबर आणि इंधन बदलून घेण्यासाठी आरटीओत जे हेलपाटे घालावे लागतात ते इथे पडले नाहीत. कायद्याने मी मोकळा आहे. तरी काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या बाबतीत हे यांत्रिक पंपाचे इंजिन आजच्या डिझेलच्या जवळपासही येत नाही, हे कमिन्सच्या गावात राहून मी नाकारणार कसे? पंपाचा इंधनाचा स्क्रू पिळून मुद्दाम काळे लोट सोडणारी जी मंडळी इथे आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर नाही. जळलेले नाही ते इंधन नळीतून बाहेर टाकण्यात कसला पराक्रम? माझा स्क्रू जिथे कारखान्याने सोडला तिथेच आहे. गाडी वर्षातून थोडी फिरते: बागेची माती, कोणाचे घर बदलणे, गणपतीत मंडळाच्या मखराच्या फळ्या. आवाजावरून मी येतोय हे लोकांना दोन गल्ल्या आधी कळते, आणि मंडळाचे कार्यकर्ते तोवर फळ्या उचलायला कोण कोण आहे याची मोजणी करून ठेवतात.

काढलेले सहा सिलिंडरचे इंजिन बरेच दिवस गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होते. पलीकडच्या जिल्ह्यातला एक तरुण ते न्यायला आला. त्याच्याकडे 1965 ची तशीच पिकअप होती आणि तिच्या इंजिनाचा ब्लॉक थंडीत तडकला होता. मी त्याला सगळे खरे सांगितले: हे इंजिन मऊ चालते, तेल मागच्या सीलमधून थोडे गळते, गाडी याच्यासाठीच घडवलेली आहे, स्प्रिंग, टाकी, गिअर कशालाच हात लावावा लागणार नाही, दोन दिवसांत बसेल. त्याने मान डोलावली, पैसे मोजून दिले, इंजिन आपल्या ट्रेलरवर चढवून साखळ्यांनी आवळले. मग माझ्या पिकअपचे बॉनेट उघडे होते तिथे येऊन तो बराच वेळ आत वाकून पाहत राहिला, आणि ती अॅडॉप्टर प्लेट साधारण केवढ्याला पडते असे त्याने विचारले.